गिअर काढून टाकले : सिंगल स्पीड रोड बाईकचा पावसाळ्यानंतरचा अनुभव

ऐन मे महिन्यात उजवा शिफ्टर (गिअर बदलायची मूठ, ब्रेकही तिच्यातच) गेला. सर्व्हिस सेंटर म्हणालं, सुटा मिळत नाही, जोडीच घ्यावी लागेल. जोडीची किंमत जवळजवळ माझ्या जुन्या सायकलीइतकी! एवढे पैसे घालायचं जिवावर आलं, म्हणून गिअरच काढले. पुढे तीनपैकी मधली 42 दात्यांची चेनरिंग (पायडलकडची दातेरी चकती) ठेवली, मागे कॅसेटच्या (दातेरी चकत्यांच्या संचाच्या) जागी स्पेसर (जागा भरणाऱ्या कड्या) आणि एकच कॉग (दातेरी चकती), चेन ताणायला टेन्शनर. सगळं दोन हजारांच्या आत. मेलेला शिफ्टर ब्रेकची मूठ म्हणून अजून उत्तम काम देतोय.

सुरुवातीला मी टेन्शनरला भरपूर शिव्या घातल्या. माझ्या फ्रेमचे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचा) उभे, चाक मागे ओढता येत नाही, त्यामुळे तो लागतोच. पण स्पीडब्रेकर आला की चेन पडायची. पुण्यात भर कर्वे रस्त्यावर काळे हात! स्प्रिंगच कमकुवत, असं ठाम मत झालं होतं.

ते मत आता बदललंय. दुकानदाराने कॅसेटमधलाच 16 दात्यांचा कॉग बसवला होता. चेन शेजारच्या कॉगवर पटकन जावी म्हणून कॅसेटचे काही दाते मुद्दाम बुटके, तिरके कापलेले असतात. शेजारी कॉग नसला तरी ते चेन सोडतातच. उंच, सरळ दात्यांचा सिंगल स्पीडचा कॉग आणला, चेन पुढून मागे नाकासमोर धावेपर्यंत स्पेसर इकडचे तिकडे केले. त्याच टेन्शनरवर चेन पडायची थांबली. ही रेषा मी आजही फूटपट्टी लावून तपासतो. दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी आवाजात कळतं.

पुढे 42, मागे 16 दाते म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. सपाटीला झकास, पण चांदणी चौकाच्या चढावर गुडघे दुखायचे. म्हणून नवा कॉग 18 चा घेतला. आता फेऱ्याला पाच मीटरच्या आत, चढ निघतो. उतारावर मात्र पाय नुसतेच फिरतात.

खरं सुख पावसाळ्यात. डिरेलरमध्ये (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात) चिखल नाही, गंजलेली गिअर केबल नाही, ट्युनिंगचे पैसे नाहीत. चेन फडक्याने पुसायची, तेल सोडायचं, निघायचं.

तुमचे ड्रॉपआउट आडवे असतील तर टेन्शनर घेऊच नका. चाक मागे ओढून चेन ताणा, मधोमध बोटाने दाबल्यावर अर्धा इंच हलली की पुरे.