विद्यार्थ्यांचा फिटनेस मोजायचं सामान: धोबी तलावातून काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

शाळा-कॉलेजच्या मुलांनी फिटनेसचं ध्येय ठरवून ते मोजायचं म्हटलं, तर मेमरी असलेलं स्टॉपवॉच, ३० मीटरची फायबरग्लास टेप, दहा-बारा मार्कर आणि एक वही एवढं पुरतं. मुंबईतल्या धोबी तलाव भागातल्या खेळसाहित्याच्या दुकानांत हे सगळं साधारण दीड हजाराच्या आत बसतं. त्याच काउंटरवर सिट अँड रीचचे (बसून पुढे वाकत लवचिकता मोजायचे) बॉक्स, चरबी मोजणारे वजनकाटे आणि मनगटी बँडही समोर मांडले जातात, आणि पालकांचा खर्च बहुतेक वेळा तिथे वाढतो. म्हणून प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे: तिच्या मोजण्यात होणारी चूक मुलाच्या अपेक्षित सुधारणेपेक्षा लहान आहे का? चूकच मोठी असेल, तर त्या आकड्यावर ध्येय बांधता येत नाही.

चाचण्या कोणत्या, हा प्रश्न सुटलेला आहे. केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या शालेय तपासणीत चौथीपासून बारावीपर्यंत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा), ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, सिट अँड रीच, पोटाचे कर्ल-अप आणि पुशअप एवढंच आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी ६०० च्या जागी मुलांसाठी १६०० आणि मुलींसाठी ८०० मीटर घ्यावं, बाकी सामान तेच.

स्टॉपवॉच. एकच वेळ दाखवणारं स्वस्त मिळतं, पण ते घेऊ नका. किमान दहा फेऱ्यांची मेमरी असलेलं घ्या. ६०० मीटरची एकूण वेळ मुलाला फारसं काही सांगत नाही, दर २०० मीटरची वेळ खूप सांगते. समजा एकूण ३ मिनिटं १० सेकंद लागली आणि टप्पे ५०, ६५, ७५ सेकंदांचे निघाले. या मुलाचा दम कमी आहे असं सरसकट म्हणता येणार नाही, त्याने सुरुवातीलाच सगळा जोर ओतला. प्रत्येक टप्पा ६२-६३ सेकंदांत ठेवायला शिकला की वेळ आपोआप खाली येते. हे कळायला मेमरी लागते.

हाताने वेळ घेताना दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते. ६०० मीटरमध्ये दहा-पंधरा सेकंदांची सुधारणा अपेक्षित असते, तिथे ती नगण्य आहे. ५० मीटरमध्ये मात्र ती सगळं बिघडवते. वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि शिट्टीचा आवाज ५० मीटर पार करून त्याच्यापर्यंत पोचायला जवळपास ०.१५ सेकंद जातात. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं आणि मूल कागदावर जास्त वेगवान दिसतं. शिट्टीसोबत हात झटकन खाली आणायला सांगा आणि आवाज ऐकून नाही, हात बघून बटण दाबा. एवढं करूनही ८.४ वरून ८.३ सेकंदांवर आलं, तर त्याला सुधारणा मानू नका. ५० मीटरची नोंद जरूर ठेवा, ध्येय दुसरीकडे ठेवा.

टेप आणि मार्कर. टेप फायबरग्लासचीच घ्या. कापडी टेप ओढली की ताणली जाते आणि मुंबईच्या दमट हवेत पोलादी टेपला लवकर गंज धरतो. घेताना शून्य कुठे आहे ते पाहा. काही टेपांत ते कडीच्या टोकाला असतं, काहींत थोडं आत.

मार्कर किरकोळ वाटतात, पण मुंबईत त्यांच्यावरच सगळं अवलंबून आहे. प्रियदर्शिनी पार्कसारखा ४०० मीटरचा ट्रॅक किती शाळांच्या वाट्याला येतो? बहुतेक ठिकाणी इमारतीमागचं अंगण असतं, त्यात ७५ मीटरची चौकोनी फेरी बसते आणि मुलं आठ फेऱ्या मारतात. कोपऱ्यावर मार्कर नसेल आणि मुलाने दर वळणाला एक मीटर वाचवला, तर चार कोपरे गुणिले आठ फेऱ्या म्हणजे ३२ मीटर कमी धावणं झालं. तीन मिनिटं दहा सेकंदांच्या वेगाने हे जवळजवळ दहा सेकंद होतात. महिनाभर घाम गाळून जेवढं कमवायचं, तेवढं कोपरा कापून मिळालं! म्हणून कोपऱ्यांसाठी वीतभर उंचीचे कोन घ्या. बशीसारखे चपटे मार्कर पायाखाली सरकतात, ते फक्त सरळ रेषेला ठीक. आणि अंगणातली वेळ शिवाजी पार्कातल्या वेळेशी जोडू नका. दर कोपऱ्याला वेग तुटतो, त्यामुळे आकडे वेगळेच येणार.

सिट अँड रीच बॉक्स. शाळेला अधिकृत नोंद करायची असेल तरच घ्या. जगात या बॉक्सचे एकाहून जास्त प्रकार चालतात. काहींत तळव्यांची रेषा २३ सेंटिमीटरवर असते, काहींत २६ वर. शाळेतला एक आणि क्लासमधला दुसरा असला, तर हालचाल न बदलता तीन सेंटिमीटरचा फरक दिसतो. घरासाठी टेप पुरते: ती जमिनीवर चिकटवा, २५ सेंटिमीटरच्या खुणेवर आडवी रेषा आखा, टाचा रेषेवर आणि एकमेकींपासून साधारण ३० सेंटिमीटर लांब ठेवा, दोन्ही हात एकावर एक ठेवून पुढे सरकवा. बोटं दोन सेकंद थांबतील तोच आकडा धरा. झटका देऊन गाठलेला आकडा आणि गुडघा वर उचललेला प्रयत्न, दोन्ही बाद. आधी पाच मिनिटं अंग गरम केलेलं असावं, नाहीतर त्यातच दोन-तीन सेंटिमीटर जातात.

वजनकाटा. साधा डिजिटल काटा चांगला, मात्र तो सपाट लादीवर ठेवा, सतरंजीवर नाही. चरबीची टक्केवारी दाखवणारा काटा मुलांसाठी घेऊ नका. तो शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो आणि पाणी कमी-जास्त प्यायलं तरी आकडा हलतो. उंची मोजताना भिंतीच्या खालच्या पट्टीमुळे टाचा पुढे येतात आणि मूल तिरकं उभं राहतं. ४५ किलोच्या मुलाची १५० सेंटिमीटर उंची १४८ लिहिली गेली, तर बीएमआय २०.० ऐवजी २०.५ येतो. शिवाय वाढत्या वयात १८.५ ते २५ हा मोठ्यांचा पट्टा लागू होत नाही. वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, ते बघावेत. पण वजन हे मुलाचं ध्येय करूच नका. ते डॉक्टरांसाठीची नोंद म्हणून राहू द्या.

मनगटी बँड. ध्येय मोजायला आमच्या मते नको. तो हाताच्या हालचालीवरून पावलं ओळखतो, म्हणून हातात जड पिशवी असली की पावलं गळतात. उंच इमारतींच्या मधे जीपीएसचं अंतर भरकटतं आणि जोरात धावताना मनगटावरचे ठोके चुकतात. दहा हजार पावलांचा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, मुलांच्या वाढीशी त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती मिनिटं वहीत लिहिता येतात.

दोरीच्या उड्यांची दोरी घ्यायची तर घ्या, पण उड्या मोजणारं यंत्र बसवलेली नको, त्याचे आकडे लवकर अडकतात.

सामान हाती आलं की पहिल्या आठवड्यात प्रत्येक चाचणी दोन वेगळ्या दिवशी घ्या आणि चांगला आकडा सुरुवातीचा धरा. ध्येयं फक्त दोन ठेवा, मुदत आठ आठवडे. ६०० मीटर ३:१० वरून २:५५ वर आणायचे असतील, तर २०० मीटरला ५८ सेकंद हा वेग बसायला हवा. आठवड्यातून तीन दिवस त्याच वेगाने चार वेळा २०० मीटर आणि मधे दोन मिनिटं चालणं. पुशअप १२ निघत असतील, तर ६-७ चे तीन संच करत १६ चं ध्येय रास्त आहे. छाती प्रत्येक वेळी एकाच उंचीपर्यंत खाली यावी म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर थकवा आला की पुशअप उथळ होतात आणि संख्या फुगते. दम्याचा त्रास असलेल्या मुलाने इनहेलर जवळ ठेवूनच धावावं.

फेरमोजणी चौथ्या आणि आठव्या आठवड्यात करा, त्याच जागी, त्याच बुटांत, सकाळी सातच्या सुमारास. ऑक्टोबरच्या उकाड्यातली ६०० मीटरची वेळ जानेवारीशी ताडून बघू नका, दमट उष्म्यात ठोके लवकर चढतात आणि तयारी तेवढीच असूनही वेळ वाढते. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की २० मीटरची शटल धाव (दोन रेषांमधे बीपच्या तालावर जा-ये) सभागृहात घेता येते: सुरुवात ताशी ८.५ किलोमीटरने, दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरची वाढ. त्यालाही हीच टेप आणि मार्कर लागतात, फक्त बीपचं ध्वनिमुद्रण मोबाइलवर हवं.

दुकानातून निघण्याआधी स्टॉपवॉच मोबाइलच्या घड्याळासोबत दोन मिनिटं चालवून बघा, फेरीचं बटण दहा वेळा दाबून मेमरीतले आकडे परत येतात का ते पाहा, आणि सेलचा नंबर बिलावर लिहून घ्या. टेपचा पहिला मीटर दुकानातल्याच पोलादी पट्टीला लावून बघितलात, तर शून्याचा घोळ तिथल्या तिथे कळेल.