फ्रेंच शब्दकुळांचा कार्डसंच: फ्रेंच बाजू भरीव, इंग्रजी बाजू लंगडी

मुलीने अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतली तेव्हा घरातल्या सगळ्यांचा हिशेब मार्कांचाच होता, हे कबूल केलेले बरे. पहिल्या चाचणीनंतर शब्दांचा ढीग अंगावर आला, आणि पाठांतराला आधार म्हणून मी फोर्टमधल्या एका दुकानातून शब्दकार्डांचा एक संच 650 रुपयांना आणला. संचात 120 कार्डे आहेत. गेले चार महिने मुलुंड ते सीएसएमटी या रोजच्या प्रवासात, बसायला मिळाले तर, मी ती चाळते आणि रात्री मुलीला विचारते. त्यामुळे हे परीक्षण वापरून झालेल्या वस्तूचे आहे.

प्रत्येक कार्डाच्या दर्शनी बाजूला मधोमध एक मूळ शब्द आहे, त्याच्याभोवती त्यापासून झालेले शब्द आहेत, उपसर्ग लाल शाईत आणि मूळ निळ्या शाईत छापले आहे. मागच्या बाजूला प्रत्येक शब्दाचा इंग्रजी अर्थ दिला आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. एकाच ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार कसे होतात हे ज्यांनी घोकले आहे, त्यांना फ्रेंच क्रियापदांची ही कुटुंबे पाहताना जुन्या वाड्यात शिरल्यासारखे वाटेल.

‘येणे’ या अर्थाच्या ‘वनीर’चे कार्ड संचातले सर्वांत उत्तम आहे. ‘रवनीर’ म्हणजे परत येणे, ‘दवनीर’ म्हणजे होणे किंवा बनणे, ‘कोंवनीर’ म्हणजे जुळणे, सोयीचे असणे. आणि ‘आवनीर’ म्हणजे भविष्यकाळ, अक्षरशः ‘यायचा आहे तो’. मराठीत आपण ‘आगामी’ म्हणतो त्याची घडण नेमकी हीच आहे. हे साम्य वाटते तितके योगायोगाचे नाही, कारण ज्या लॅटिन क्रियापदातून ‘वनीर’ आले ते, संस्कृतमधला ‘गम्’ आणि इंग्रजीतले ‘कम’ ही तिन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूची लेकरे असल्याचे भाषाशास्त्र सांगते. कार्डावर यातले काही नाही, आणि ते नसल्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण चौथ्या सीटवर अर्धवट टेकून बसल्याबसल्या हे जुळवण्यात भांडुप ते घाटकोपर कधी सरते ते कळत नाही.

खरी अडचण कार्ड उलटल्यावर सुरू होते. ‘प्रेवनीर’ या शब्दासमोर एवढेच छापले आहे: प्रिव्हेंट. दोन्ही शब्द ‘आधी येणे’ या एकाच लॅटिन अर्थातून आले आहेत आणि रोग टाळण्याच्या संदर्भात फ्रेंच शब्द तसा वापरतातही. पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ आधी कळवणे, सावध करणे असा होतो. मुलीने कार्डावर विश्वास ठेवून ‘उशीर झाला तर मी आईला कळवीन’ या अर्थाच्या वाक्याचे भाषांतर ‘मी आईला रोखीन’ असे केले. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. मला मात्र ते वाक्य अगदीच खोटे वाटले नाही.

इंग्रजीवर असा भरवसा टाकावासा का वाटतो, हे समजण्यासारखे आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारात आणि न्यायालयात फ्रेंचचे वर्चस्व आले आणि पुढच्या काही शतकांत इंग्रजीत फ्रेंच शब्दांची रीघ लागली. पण सासरी गेलेल्या मुलीचे वळण जसे हळूहळू बदलते, तसे या शब्दांचे अर्थही तिकडे बदलले. ‘लिब्रेरी’ म्हणजे लायब्ररी नव्हे, पुस्तकांचे दुकान. ‘असिस्ते’ म्हणजे बहुधा मदत करणे नव्हे, हजर राहणे. आणि ‘आक्त्युएलमाँ’ म्हणजे ‘अ‍ॅक्च्युअली’ नव्हे, सध्या. पहिल्या दोन शब्दांसमोर संचात सावधगिरीचे चिन्ह आहे, तिसऱ्यासमोर ते विसरले आहेत.

‘सूवनीर’ हा शब्द मला या संचाची मर्यादा सर्वांत स्पष्ट दाखवतो. इंग्रजी बाजूला ‘सोव्हेनीर’ लिहिले आहे, म्हणजे प्रवासातून आणलेली एखादी शोभेची वस्तू. फ्रेंचमध्ये तो शब्द वस्तूसाठीही आहे आणि मनातल्या स्मृतीसाठीही, आणि त्याच्या क्रियापदाचा अर्थ तर आठवणेच. मराठीत एका ‘आठवण’ या शब्दात दोन्ही मावतात: आजीची आठवण येते, आणि आजीची आठवण म्हणून तिची नथ कपाटात असते. आम्ही कार्डावरचे इंग्रजी खोडून पेन्सिलीने ‘आठवण’ लिहिले, आणि त्यानंतर तो शब्द चुकलेला नाही.

‘हात’ या अर्थाच्या ‘मँ’च्या कार्डाबाबतही असेच झाले. ‘मँतनाँ’ म्हणजे आत्ता. त्यात ‘हात’ आणि ‘धरणे’ हे दोन शब्द सांधलेले आहेत. इंग्रजी ‘नाऊ’मध्ये तो हात दिसत नाही, पण आपल्या ‘हातासरशी’मध्ये दिसतो. ‘मनॉत’ म्हणजे मुळात चिमुकले हात, आणि त्यावरून हातकड्या. याच कार्डावर दोन ढळढळीत चुका मात्र आहेत. उद्या या अर्थाचा ‘दमँ’ या कुळात घुसवला आहे. त्याचा हाताशी काहीही संबंध नाही, तो ‘सकाळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे. दुसरी चूक ‘माँश’ची. त्यासमोर ‘बाही’ आणि ‘दांडा’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द स्वल्पविराम देऊन लिहिले आहेत, पण स्त्रीलिंगी असेल तर बाही आणि पुल्लिंगी असेल तर दांडा, हे सांगितलेले नाही. तो माळ आणि ती माळ एकाच ओळीत लिहून मोकळे होण्यासारखे हे झाले. (इंग्लंड आणि फ्रान्समधल्या खाडीला फ्रेंच लोक ‘ला माँश’ म्हणतात, ते बाहीसारख्या आकारावरून.)

‘तनीर’ कुळाचे कार्ड निर्वेध आहे, कारण तिथे इंग्रजी ‘कंटेन, ऑब्टेन, रिटेन’ अशी रांग बरोबर जुळते. लोप पावलेल्या ‘स’ची कार्डे मुलीला सर्वांत आवडली. लॅटिन ‘स्कोला’च्या सुरुवातीचे जोडाक्षर जड वाटल्याने बोलणाऱ्यांनी आधी एक स्वर लावला, पुढे ‘स’ गळाला आणि ‘एकॉल’ उरले. आमचा भाजीवाला ‘इस्टेशन’ म्हणतो तेव्हा यातली पहिली पायरी तोही चढलेला असतो. ‘फोरे’ आणि ‘ओपिताल’ या शब्दांत गळालेल्या ‘स’ची खूण म्हणून स्वरावर छोटी टोपी राहिली आहे, आणि इंग्रजी ‘फॉरेस्ट’ व ‘हॉस्पिटल’ यांत तो ‘स’ अजून शाबूत आहे. इथे इंग्रजी बाजू खरोखर उपयोगी पडते.

उच्चार कुठेच दिलेले नाहीत, ही उणीव मोठी आहे. न्यू मरीन लाइन्सच्या आलियाँस फ्राँसेझमध्ये वर्गाला जाणाऱ्या डब्यातल्या एका मैत्रिणीने माझे निम्मे उच्चार दुरुस्त केले. कागद जाड आहे, पण जुलैच्या दमट हवेत कार्डांच्या कडा वळल्या आणि लाल शाई घामाच्या बोटांना लागू लागली. त्यामुळे उपसर्ग फिके आणि मुळे गडद अशी अवस्था आहे.

ज्यांना फ्रेंचची वर्षभराची ओळख आहे आणि हाताशी चांगला शब्दकोश आहे, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. अगदी पहिल्या दिवसापासून शिकणाऱ्याच्या हाती तो एकटा देऊ नये. आमच्या पेटीतल्या 120 पैकी 31 कार्डांवर आता पेन्सिलीचे मराठी आहे, आणि ‘दमँ’वर काट मारून मुलीने त्याला वेगळे, कोरे कार्ड करून दिले आहे.