पुण्यातलं पाच दिवसांचं सेल कल्चर वर्कशॉप: मायक्रोस्कोपीसाठी जा

साडेतीन स्टार देतेय आणि त्यातले तीन निव्वळ मायक्रोस्कोपीचे आहेत. जाहिरातीत हूडसमोर ग्लोव्हज घालून बसलेल्या मुलीचा फोटो आहे ना, तसं बसायला मिळतं पण फार थोडा वेळ, कारण अख्ख्या बॅचला बायोसेफ्टी कॅबिनेट (तोच हूड, गाळलेल्या हवेत काम करायची पेटी) एकच. बाकीचे मागे उभे राहून माना उंच करून बघणार.

आधी कल्चरचं, म्हणजे शरीराबाहेर फ्लास्कमध्ये पेशी वाढवण्याचं, सांगते. 'हीला' (HeLa) नावाच्या सेल्स दिल्या होत्या, टी-२५ ह्या छोट्या फ्लास्कमध्ये, मीडिया (सेल्सचं पोषक द्रव) डीएमईएम आणि १० टक्के एफबीएस, म्हणजे गाईच्या गर्भाचं सिरम. सेल्स पुण्यातल्याच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून (एनसीसीएस) आणलेल्या, फ्लास्कवर पॅसेज नंबर (सेल्स कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या) आणि तारीख नीट लिहिलेली, हे आवडलं. स्लाइडवर मात्र फक्त 'ह्यूमन सर्व्हायकल कॅन्सर' एवढंच. अरे, ज्या बाईच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरला तिला न विचारता ह्या पेशी घेतल्या त्या हेन्रिएटा लॅक्सचं नाव घ्यायला किती वेळ लागतो?

शिकवणाऱ्या मॅडम कारण सांगत शिकवतात हे खरं. ट्रिप्सिन (तळाला चिकटलेल्या सेल्स सोडवणारं एन्झाइम) घालायच्या आधी पीबीएसने (क्षारांचं बफर) का धुवायचं, तर राहिलेला सिरम ट्रिप्सिनचं काम थांबवतो आणि मग तुम्ही बसता वाट बघत. अल्कोहोल ७० टक्केच का, तर पाणी असल्याशिवाय प्रोटीन नीट डीनेचर होत नाही आणि शुद्ध अल्कोहोल पटकन उडूनही जातं. फ्लास्क बाहेर राहिला तर मीडिया जांभळट गुलाबी का होतो, कारण बायकार्बोनेटच्या बफरला इनक्युबेटरमधला ५ टक्के सीओटू लागतो, आणि पिवळा पडला की समजायचं ॲसिड झालंय, एकतर सेल्स खूप झाल्यात नाहीतर बॅक्टेरिया आलेत. हे सगळं छान, पण प्रत्येकाच्या हाताला पॅसेजिंग एकदाच. फ्रीझिंग तर नुसतं दाखवलं, डीएमएसओ (गोठताना सेल्स वाचवणारं रसायन) घातला, डबी उणे ८० ला ठेवली, झालं.

आणि माझी खरी तक्रार पेन-स्ट्रेपची, म्हणजे पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनची. नवशिक्यांच्या मीडियात अँटिबायोटिक घातलं की कोणाचाच फ्लास्क खराब होत नाही, सगळे खूश, सगळ्यांना सर्टिफिकेट. पण मग आपली पिपेट कुठे टेकली, झाकण कसं धरलं, हे कळणार कसं? निदान एक फ्लास्क तरी बिनअँटिबायोटिकचा द्यायला हवा होता. मायकोप्लाझ्मावर (कल्चरमध्ये लपून राहणारा अगदी छोटा बॅक्टेरिया) एक स्लाइड, टेस्ट नाही. तो पेनिसिलिनला दाद देत नाही कारण त्याला सेल वॉलच नसते, मीडिया गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, म्हणजे जो शिकवायलाच हवा तोच राहिला. होएक्स्ट स्टेनिंग (डीएनए रंगवून तो शोधणं) तरी दाखवायचं.

आता मायक्रोस्कोपी. इथले सर वयस्कर आहेत, आवाज बारीक, पुढे जागा पकडा. पहिला जवळजवळ अर्धा दिवस त्यांनी सेल्स दाखवल्याच नाहीत, फक्त कोलर (Köhler) इल्युमिनेशन, म्हणजे मायक्रोस्कोपचा उजेड नीट जुळवणं, करून घेतलं, प्रत्येकाकडून, हो प्रत्येकाकडून, कारण इथे मायक्रोस्कोप पुरेसे आहेत. फील्ड डायफ्राम (उजेडाचं वर्तुळ लहानमोठं करणारी झडप) बंद करा, कंडेन्सर (उजेड एकवटणारी लेन्स) वरखाली करून त्याची कड धारदार आणा, मधोमध घ्या, मग फील्डच्या जरा बाहेर जाईल इतकं उघडा. आमच्या एमएस्सीत कंडेन्सरला कोणी हात लावला की ओरडा बसायचा, उजेड कमी वाटला तर बल्ब वाढवायचा एवढंच माहीत.

मग इन्व्हर्टेडवर (फ्लास्ककडे खालून बघणारा मायक्रोस्कोप) फेज कॉन्ट्रास्ट. एकच फ्लास्क आधी ब्राइट फील्डमध्ये दाखवला, जवळजवळ रिकामाच वाटतो, जिवंत सेल पारदर्शक असते ना. फेज रिंग लावली की कडा, न्यूक्लियस, सगळं उठून येतं. सेलमधून जाताना प्रकाश थोडा मागे पडतो, तो फरक डोळ्यांना दिसत नाही, त्याचं उजेड-अंधारात रूपांतर करायची युक्ती डच शास्त्रज्ञ झर्निकेची, त्याला १९५३ चं नोबेल त्यासाठीच. आयपीस काढून सेंटरिंग टेलिस्कोप लावायचा आणि दोन रिंगा एकमेकींवर बसवायच्या, हे सरांनी मुद्दाम बिघडवून परत करायला लावलं. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये कडेला फेज का बिघडतो तेही कळलं, मीडियाचा पृष्ठभाग वाकलेला असतो आणि तोच लेन्ससारखा वागतो. मी इतके दिवस मशिनला नावं ठेवत होते.

काउंटिंगला सेल्स आणि ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या सेल्सना लागणारा निळा रंग) समप्रमाणात, न्यूबॉर चेंबर (मोजणीच्या रेघांची काच), कोपऱ्यातले चार चौकोन, सरासरी गुणिले दोन गुणिले १०,०००, म्हणजे एका मिलीतल्या सेल्स. एकाच ट्यूबमधून सगळ्यांचे आकडे वेगळे, काहींचे तर दुप्पट. सरांनी कोणाला चूक म्हटलं नाही, ट्यूब हलवून परत मोजायला लावलं, आकडे बरेच जवळ आले. सेल्स तळाला बसतात, बास.

जेवण ठीक, दुपारचा चहा अगदीच पाणी. नोट्स झेरॉक्सच्या आहेत, फोटो काळेकुट्ट, फेजचे फोटो स्वतःच्या मोबाईलने आयपीसवर धरून काढा, सर काढू देतात. फोन कोणी उचलत नाही, मेल करा, आणि मेलमध्येच विचारून घ्या की बॅचमध्ये किती जण आहेत, सहाच्या वर सांगितले तर पुढची बॅच घ्या.