सँटोरिनीत केटेलच्या बसवर विसंबावं का?

उत्तर आधीच सांगते: हो, पण मुक्काम कुठे करायचा हे बसचा नकाशा पाहून ठरवलं तरच. ग्रीसच्या या बेटावरची सार्वजनिक बस 'केटेल' ही संस्था चालवते. गाड्या मोठ्या, वातानुकूलित, पोटात सामान ठेवायची जागा असलेल्या. तिकीट मार्गानुसार साधारण 2 ते 3 युरो. तेच अंतर टॅक्सीनं गेलात तर सहज 30-40 युरो जातात, शिवाय बेटावर टॅक्स्या मोजक्याच असल्यामुळे ऐन हंगामात ती वेळेवर मिळेलच असं नाही.

सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे सगळे मार्ग फिरा या राजधानीच्या गावातून निघतात आणि तिथेच परत येतात. इया, कामारी, पेरिसा, आक्रोतिरी, विमानतळ, अथिनिओस बंदर या सगळ्यांना फिराहून थेट गाडी आहे, पण यांच्यापैकी कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये जायचं तर फिराला उतरून गाडी बदलावी लागते. तालुक्याच्या एसटी स्टँडवरून आसपासच्या गावांना गाड्या सुटाव्यात तसं हे आहे. कामारी आणि पेरिसा हे दोन काळ्या वाळूचे किनारे नकाशावर शेजारी-शेजारी दिसतात. मध्ये मेसा वूनो हा डोंगर समुद्रात घुसलेला असल्यामुळे बसनं मात्र आधी फिराला यावं लागतं आणि मग दुसऱ्या बाजूनं खाली उतरावं लागतं. उन्हाळ्यात या दोन किनाऱ्यांमध्ये छोट्या बोटी चालतात. समुद्र शांत असेल तर त्याच घ्या.

म्हणून बसच्या भरवशावर राहणाऱ्यांनी खोली फिरात किंवा चालत जाता येईल अशा कार्तेरादोस, फिरोस्तेफानी भागात घ्यावी. इयाची खोली फोटोत कितीही मोहात पाडत असली तरी तिथे राहून रोज बेट पाहायचं म्हणजे प्रत्येक फेरीला इया-फिरा हा 11 किलोमीटरचा, सुमारे 25 मिनिटांचा टप्पा वाढतो आणि नेमक्या याच मार्गावर सर्वांत जास्त गर्दी असते. पेरिसात खोल्या स्वस्त मिळतात आणि फिरा अर्ध्या तासावर आहे. किनाऱ्यावरच निवांत राहायचं असेल तर पेरिसा उत्तम.

तिकीट गाडीतच मिळतं. कंडक्टर गाडी सुटल्यावर येतो, म्हणून सुटे युरो खिशात ठेवा. पन्नासची नोट पुढे केली की दोघांचाही वेळ जातो. आसन आरक्षित होत नाही. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून कुणाच्या जुन्या प्रवासवर्णनातल्या वेळा धरून निघू नका. फिराच्या स्टँडवर लावलेला त्या दिवसाचा तक्ता किंवा केटेलचं संकेतस्थळ पाहा. नोव्हेंबर ते मार्च गाड्या फारच कमी असतात. आणखी एक बारीकशी पण उपयोगी गोष्ट: रोमन लिपीत 'ओइआ' दिसणाऱ्या गावाचा उच्चार 'इया' आहे. स्टँडवर कुणी 'इया, इया' ओरडत असेल तर तीच तुमची गाडी.

फिराचा स्टँड मुख्य चौकाच्या थोडा दक्षिणेला आहे आणि गर्दीच्या मानानं फारच लहान. एकाच वेळी चार-पाच गाड्या लागतात, फलाटांची नीट व्यवस्था नाही, घोषणाही ऐकू येत नाहीत. समोरची पाटी वाचा आणि चढताना चालकाला गावाचं नाव सांगून खात्री करा. चुकीच्या गाडीत बसलात तर फिराला परत येऊन पुन्हा निघावं लागतं, त्यात तास-दीड तास जातो.

आता बंदर. इथे लोकांची सर्वांत मोठी फसगत होते, कारण 'सँटोरिनीचं बंदर' म्हणून दोन वेगळ्या जागा ओळखल्या जातात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून येणाऱ्या फेरी, म्हणजे मोठ्या प्रवासी बोटी, अथिनिओसला लागतात. फिराच्या बरोबर खाली जे जुनं बंदर आहे, तिथे क्रूझ जहाजांचे प्रवासी छोट्या होड्यांनी उतरतात आणि ज्वालामुखीच्या बेटाकडे, नेआ कामेनीला, जाणाऱ्या सहलीच्या बोटी सुटतात. तिथे बस जात नाही. वर यायला रोपवे किंवा सुमारे 588 पायऱ्या. त्याच पायऱ्यांवरून गाढवं चालत असल्यानं दगड गुळगुळीत आणि निसरडे झालेले असतात. गाढवावर बसू नका. भर उन्हात त्या मुक्या जनावरांचे हाल होतात. रोपवेच्या एका खेपेत सहा पाळण्यांतून जेमतेम 36 माणसं जातात. त्यामुळे दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी लागली की रांग तासावर जाते. ज्वालामुखीची सहल घ्यायची असेल तर क्रूझची गर्दी वर येत असताना तुम्ही खाली उतरत असाल अशी सकाळची वेळ निवडा.

अथिनिओसला फेरी फार थोडा वेळ थांबते. घोषणा झाली की लगेच गाड्यांच्या डेकवर उतरा. बॅगांचे कप्पे बेटांच्या नावानुसार असतात, तुमच्या कप्प्याची जागा चढतानाच लक्षात ठेवा. फळी खाली आली की उतरणारे आणि चढणारे एकाच धक्क्यावर एकत्र येतात, हॉटेलांचे लोक नावाच्या पाट्या घेऊन उभे असतात आणि या गोंधळात बस बाजूला असते. आधी बस गाठा, फोटो नंतर. मोठ्या फेरीच्या मानानं गाडीत जागा कमी असतात. भरली की ती सुटते आणि उरलेल्यांना थांबावं लागतं. वर जाणारा रस्ता कड्याच्या अंगावर नागमोडी वळणं घेत चढतो. दोन फेरी लागोपाठ आल्या तर या वळणांवर ट्रक, बस आणि भाड्याच्या मोटारी अडकून पडतात. म्हणून परतीच्या दिवशी फिराहून फेरीच्या वेळेच्या किमान दीड तास आधीची गाडी धरा. रात्री उशिरा येणाऱ्या फेरीला बस असेलच असं गृहीत धरू नका. तिच्यासाठी, तसंच पहाटेच्या विमानासाठी, गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. विमानतळ पूर्व किनाऱ्यावर आहे. तिथली बस चांगली आहे, पण फेऱ्या कमी.

अथेन्सहून येताना फेरी शोधताना 'थिरा' असंही नाव दिसेल. बेटाचं अधिकृत नाव तेच. पिरेअसहून मोठी फेरी साधारण साडेसात-आठ तास घेते, वेगवान बोट सुमारे पाच तास. मी मोठ्या फेरीचीच शिफारस करेन: भाडं कमी, उघड्या डेकवर बसता येतं आणि लाटांत ती कमी हेलकावते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून 'मेल्तेमी' वारा सुटतो, तेव्हा वेगवान बोटी आधी रद्द होतात. वारा फार वाढला तर तटरक्षक दल सगळीच वाहतूक थांबवतं. त्यामुळे फेरीनं पिरेअसला उतरून त्याच संध्याकाळी अथेन्सहून मुंबईचं विमान पकडायचा बेत कधीच करू नका. मध्ये एक रात्र अथेन्समध्ये ठेवा. अथेन्सच्या विमानतळावरून पिरेअसला 2022 पासून मेट्रोची 3 क्रमांकाची मार्गिका थेट जाते. सकाळी सातच्या सुमाराची फेरी गाठायची असेल तर रात्रभर चालणारी एक्स 96 ही बस जास्त भरवशाची.

बससेवेची खरी कसोटी लागते ती इयाच्या सूर्यास्ताला. जुन्या किल्ल्याच्या अवशेषांवर शेकडो माणसं जमतात आणि सूर्य बुडाला की सगळी एकाच अरुंद गल्लीतून बसथांब्याकडे निघतात. जादा गाड्या सोडल्या तरी रांग मागे उरतेच, आणि वाटेतल्या थांब्यांवरच्या लोकांसमोरून भरलेल्या गाड्या निघून जातात. यावर दोन उपाय आहेत. दुपारीच इयाला जाऊन सूर्य टेकायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी थांब्याकडे वळा, किंवा जेवून गर्दी ओसरल्यावर निघा; मात्र शेवटची गाडी कितीला आहे ते उतरतानाच विचारून ठेवा. मला विचाराल तर सूर्यास्त इमेरोविग्लीहून पाहावा. तोच समुद्र, तोच सूर्य, गर्दी कितीतरी कमी, आणि कड्याच्या कडेनं फरसबंद वाटेनं अर्ध्या-पाऊण तासात चालत फिराला परत. बसची गरजच पडत नाही.

ज्यांना वेळापत्रकाची कटकट नको ते भाड्यानं क्वाड, म्हणजे चार चाकांची मोटारसायकल, घेतात. तिथले लोक त्याला 'गुरूना' म्हणतात, म्हणजे डुकरीण. चढावर ती रडतखडत चालते आणि मागे मोटारींची रांग लागते. मोकळ्या खडीवर सहज घसरते. गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते, हे चौकातल्या पहिल्याच वळणावर आपल्या सवयीला नडतं. हेल्मेट सक्तीचं आहे. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून काढावा, शुल्क 1000 रुपये, मुदत एक वर्ष. ग्रीसमध्ये पोहोचल्यावर तो मिळत नाही. भाड्याच्या विम्यात टायर आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो, सही करण्याआधी हे वाचा. लहान मुलं सोबत असतील तर क्वाड नकोच, एका दिवसासाठी छोटी मोटार घ्या आणि पिर्गोस, मेगालोहोरी, एम्पोरिओ ही आतली गावं सलग पाहून घ्या. बसनं ही तिन्ही गावं गाठता येतात, पण एका गाडीतून उतरल्यावर पुढची येईपर्यंत रस्त्याकडेला उन्हात उभं राहावं लागतं. बाकी दिवसांना बस पुरते. आक्रोतिरीचं प्राचीन वस्तीचं उत्खनन, पेरिसा आणि कामारीचे किनारे, इया हे सगळं तीन दिवसांत बसनं आरामात होतं, आणि एका माणसाचा त्या तीन दिवसांचा बसखर्च टॅक्सीच्या एका खेपेपेक्षा कमी येतो.