ग्राफाइटची जीडीएमएस (ग्लो डिस्चार्ज मास स्पेक्ट्रोमेट्री) चाचणी: आमचा अनुभव

भट्टीसाठी आम्ही उच्च शुद्धतेच्या ग्राफाइटच्या मुशी घेतो. त्यात लोह, क्रोमियम, बोरॉन किती, हे कळल्याशिवाय मी लॉट पुढे सोडत नाही. आधीच्या प्रयोगशाळेनं पावडर आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (आरगॉनच्या तप्त प्लाझ्मात द्रावण फवारून अणू वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) क्रोमियम ३ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तीन भाग, दिलं. लॉट परत पाठवायची तयारीही झाली होती. हा आकडा मास ५२ वरचा, कारण क्रोमियमचे बहुतेक अणू त्या वस्तुमानाचे; थोडे ५३ चेही असतात. मग मी मास ५३ वरचा आकडा मागवला. खरंच क्रोमियम असतं, तर ५२ आणि ५३ दोन्हींवरून उत्तर एकच आलं असतं. ५३ वरून आलं जेमतेम दहावा हिस्सा! म्हणजे ५२ वर मोजला गेला तो प्लाझ्मातला आरगॉन ४० आणि द्रावणात उरलेला कार्बन १२, एकमेकांना चिकटलेले.

म्हणून यंदा नमुने ग्लो डिस्चार्जवाल्या प्रयोगशाळेकडे दिले. यात आरगॉन वायूतल्या विद्युत विसर्जनानं घन नमुन्याचाच पृष्ठभाग उडवून त्यातले अणू वस्तुमानानुसार मोजतात. तिथे काही विरघळवावंच लागत नाही. २ × २ × २० मिमीची काडी कापायची, आम्लानं धुवायची, की ती थेट यंत्रात. मोजणीआधी वीस मिनिटं वरचा थर उडवून दिला, त्यामुळे कापताना लागलेली घाण गेली. आरगॉन-कार्बनची जोडी इथेही बनतेच, पण विभेदन (अगदी जवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता) ४००० वर ठेवल्यामुळे ५२ वर दोन शिखरं वेगळी दिसली. अहवालासोबत त्यांनी तो आलेखच जोडला, आणि मला सगळ्यात आवडलं ते हेच. प्रत्येक मूलद्रव्यापुढे कोणता समस्थानिक वापरला तेही लिहिलं होतं. कॅल्शियम ४४ वर मोजलं, कारण ४० वर आरगॉन ठाण मांडून बसलेला असतो. टँटलमचा रकाना कोरा, कारण यंत्राचा सेलच (नमुना बसतो तो कप्पा) टँटलमचा.

तक्रार एकच, पण मोठी. संवेदनशीलता गुणक (मोजलेल्या सिग्नलवरून प्रमाण काढायचे आकडे) ग्राफाइटच्या प्रमाणित नमुन्यावरून काढलेले नव्हते, सर्वसाधारण वापरले होते. अशा वेळी आकडा दुपटीनं इकडेतिकडे होऊ शकतो. हे अहवालात यायला हवं होतं, मला विचारून काढावं लागलं. शिवाय काडी इतकी लहान, की एकीवर भरवसा ठेवू नका. मुशीच्या तळातून एक आणि काठावरून एक, अशा दोन द्या. आमच्या दोन काड्यांत लोहाचा फरक स्पष्ट दिसला.

पुढच्या खेपेला बोरॉन कार्बाइड पाठवतोय. तिथे आरगॉन ४० आणि बोरॉन ११ मिळून ५१ वर, म्हणजे थेट व्हॅनेडियमच्या जागी येतात. त्या शिखराचा आलेख मी आधीच मागून ठेवलाय.