सिडनीची वॅग्नर सोसायटी: कान तयार करणारे मंडळ

एकोणिसाव्या शतकातील जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर याची ‘रिंग’ ही चार ऑपेरांची मालिका आहे. ती चार संध्याकाळी मिळून सुमारे पंधरा तास चालते आणि सगळे गाणे जर्मनमध्ये असते. ख्यालावर कान पोसलेल्या माझ्यासारखीने घरी एकटीने बसून ती ऐकण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या ऑपेराच्या मध्यावर सोडून दिली. मग एका संध्याकाळच्या वर्गालाही नाव घातले. पण तिथे पडद्यावर कथानकाचे सारांश दाखवले जात आणि दोन तासांत जेमतेम दहा मिनिटे संगीत वाजे. त्यानंतर मी सिडनीत भरणाऱ्या, न्यू साउथ वेल्स राज्याच्या वॅग्नर सोसायटीची वर्गणी भरली, आणि आज ज्यांना ऑपेरा ‘कळत नाही’ असे वाटते त्यांना मी याच मंडळाचे नाव सांगते.

मी ज्या बैठकांना गेले त्या वुलारा या उपनगरातील गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी भरत. पुण्या-मुंबईत आपण जिला मॅक्सम्युलर भवन म्हणतो तीच ही संस्था. आधी एखाद्या प्रयोगाचे चित्रमुद्रण, मग व्याख्यान आणि शेवटी चहा असा क्रम असे. चहाच्या वेळी प्रत्येकाने काहीतरी खायचे आणायचे असते. माझ्या नारळाच्या वड्या पहिल्याच दिवशी संपल्या आणि त्या निमित्ताने ओळखीही झाल्या.

या मंडळाने मला काय दिले, ते एका उदाहरणाने सांगते. ‘रिंग’मधील पहिले ऑपेरा ‘दास राइनगोल्ड’ सुरू होते तेव्हा डबल बास या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्यांवर एकच खोल सूर धरला जातो. आपल्या पेटीच्या भाषेत तो काळी दोनचा सूर. थोड्या वेळाने बासून नावाची फुंकवाद्ये त्यावर पंचम धरतात आणि मग आठ हॉर्न एकामागून एक, षड्ज, पंचम आणि गंधार यांच्याच पायऱ्यांनी वर चढू लागतात. १३६ बार, म्हणजे चारएक मिनिटे, तळाचा षड्ज जराही हलत नाही. व्याख्यात्यांनी हा भाग प्रथम काही न सांगता ऐकवला, मग पियानोवर एकेक थर वेगळा करून दाखवला आणि पुन्हा सलग ऐकवला. दुसऱ्या वेळी मला समोर तंबोरा लागल्यासारखे वाटले. ऱ्हाइन नदीचा उगम म्हणून जे मी पुस्तकात वाचले होते ते त्या दिवशी कानाला उमगले, आणि चहाच्या वेळी मी षड्ज-पंचमाची गोष्ट सांगितली तेव्हा तिथल्या जुन्या सभासदांनी मला ती गाऊन दाखवायला लावली.

अशा मंडळांची परंपरा वॅग्नरच्या हयातीतच सुरू झाली. जर्मनीतील बायरॉइट या गावी स्वतःचे नाट्यगृह बांधण्यासाठी त्याला पैसा हवा होता, आणि १८७१ मध्ये एमिल हेकेल यांनी मानहाइम येथे पहिली वॅग्नर सोसायटी काढली ती याच कामासाठी. १८७६ मध्ये त्या नाट्यगृहात ‘रिंग’ प्रथमच सलग सादर झाली. ज्यांना तिकीट परवडत नाही अशांनाही प्रयोग पाहता यावा, ही वॅग्नरची इच्छा होती. तिच्यातून उभ्या राहिलेल्या शिष्यवृत्तीमुळे आजही जगभरच्या वॅग्नर सोसायट्यांच्या शिफारशीने तरुण गायक-वादक दरवर्षी बायरॉइटला जातात. आपली वर्गणी अशा परंपरेशी जोडलेली आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

वॅग्नरवर प्रेम करणाऱ्या कोणत्याही मंडळाला एका प्रश्नाला सामोरे जावेच लागते. १८५० मध्ये त्याने टोपणनावाने ज्यूंच्या संगीताविरुद्ध विखारी लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तोच स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. मी ऐकलेल्या व्याख्यानांत या गोष्टीवर पांघरूण घातले गेले नाही. तसे झाले असते तर मी दुसऱ्या वर्षी वर्गणी भरली नसती.

आता अपेक्षांविषयी. सभासद झाले म्हणजे बायरॉइटचे तिकीट मिळाले, असे कोणी समजू नये. मागणी फार मोठी आहे. जर्मन येत नसेल तर बैठकीला येण्याआधी त्या ऑपेराची संहिता भाषांतरातून एकदा तरी वाचावी, नाहीतर व्याख्यानातला अर्धा भाग निसटतो. सिडनीपासून दूर राहणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः मंडळाची त्रैमासिक पत्रिका येईल. ती वाचनीय आहे, पण पियानोशेजारी बसून ऐकण्याची जागा ती घेऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलियात ‘रिंग’ ऐकण्याची संधी वरचेवर येत नाही. ॲडलेडला १९९८ आणि २००४ मध्ये, मेलबर्नला २०१३ आणि २०१६ मध्ये पूर्ण मालिका झाली. २०२३ मध्ये बेंडिगो आणि ब्रिस्बेन अशा दोन ठिकाणी झाली. डिसेंबरमध्ये मी ब्रिस्बेनला गेले. ‘दास राइनगोल्ड’च्या शेवटी देवांचा राजा वोटान वालहाला या देवांच्या गडाकडे पाहत उभा असताना ट्रम्पेटवर एक छोटी, वर उसळणारी स्वरावली वाजते. ती तलवारीची आहे, आणि तलवार रंगमंचावर येते ती पुढच्या ऑपेरात. शेजारच्या बाईंनी मध्यंतर का नाही म्हणून मघाशीच विचारले होते. तो ट्रम्पेट वाजला तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि ‘ऐका’ एवढेच म्हणाले.