सावलीतलं गवत आणि फुलं: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

दहा महिने झाले म्हणून आता लिहितेय, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर पाच स्टार दिले असते आणि चौथ्या महिन्यात नुसत्या शिव्या.

आमच्या मागच्या अंगणात एक मोठं झाड आणि एका बाजूला उंच भिंत, त्यामुळे ऊन येतं ते तुकड्या-तुकड्यांनी. आधी तिथे साधी हरळी लावली होती. सहा आठवडे मस्त हिरवीगार, मग पाती लांब, बारीक, पिवळट व्हायला लागली आणि मधून माती दिसायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून रोज संध्याकाळी पाईप लावून ठेवायचे. थोड्याच दिवसांत भिंतीलगत शेवाळाची गादी तयार, चप्पल घालून गेलं की पाय सटकतोय. हरळीला दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन लागतं हे तेव्हा डोक्यातच नव्हतं, ती उन्हाविना उपाशी मरत होती आणि मी आपली पाणी पाजत बसलेले.

मग एका रविवारी कागदावर अंगण काढलं आणि सकाळी सातपासून दर तासाला बाहेर जाऊन ऊन कुठपर्यंत आलंय ते खुणा करत बसले. घरच्यांनी भरपूर चेष्टा केली. पण जिथे मला 'बऱ्यापैकी ऊन' वाटायचं तिथे मोजून साडेतीन तास निघाले, बुंध्यापाशी जेमतेम दीड आणि भिंतीकडे तर चाळीस मिनिटं! तीन महिन्यांनी परत मोजलं तर भिंतीची सावली चांगली हातभर सरकलेली, कारण ऋतूप्रमाणे सूर्याची वाट बदलते, त्यामुळे एकदाच मोजून भागत नाही.

साडेतीन तासवाल्या भागात कार्पेट ग्रास लावलं, रुंद पानांचं, अ‍ॅक्सोनोपस म्हणतात ते. वीतभर अंतरावर छोटे गड्डे खोचले, त्याचे धावते फुटवे पसरत जातात आणि साधारण तीन महिन्यांत मधली माती झाकली गेली. मखमली वगैरे अजिबात नाहीये, पान जाडसर आहे, रंगही पोपटीकडे झुकणारा, पण टिकलंय. कापताना मात्र हात आवरावा लागतो. मी आधी हरळीसारखं पार खाली कापलं आणि पंधरा दिवस टक्कल पडल्यासारखं दिसत होतं, आता अडीच-तीन इंच ठेवते आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशपेक्षा जास्त भाग काढत नाही. सावलीत उजेड मिळवायला पानंच तर आहेत, तीच छाटली तर ते जगणार कशावर? खतही कमीच, नायट्रोजन जास्त झालं की भराभर वाढतं आणि लुळं पडतं.

बुंध्यापाशी मी 'पूर्ण सावलीसाठी' असं छापलेलं बी आणून टाकलं. दहा दिवसांत उगवलं, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले, आणि पाचव्या आठवड्यात सगळं आडवं. बियात थोडी शिदोरी असते तेवढ्यावर कोंब येतो, ती संपली की उजेड लागतोच, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. त्यात झाडाची मुळं वरच्या थरातलं पाणी आधी ओढून घेतात. बाबांनी मुळांवर सहा इंच माती ओतायची असा बेत केला होता, तो वेळीच थांबवला, मुळांना हवा मिळत नाही आणि झाडच आजारी पडतं. त्याऐवजी खालच्या दोन फांद्या काढल्या, त्याने चाळणीतून पडल्यासारखा उजेड यायला लागला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

फुलांचं म्हणाल तर इम्पेशन्स, म्हणजे आपल्या तेरड्याचंच भावंड, सगळ्यात आधी फुललं. पण पाणी पानांवरून घालायची माझी सवय नडली, पानं पिवळी पडून गळायला लागली, उलटून पाहिलं तर खाली पांढरी पिठासारखी बुरशी. अर्धी रोपं उपटून टाकली. आता पाणी सकाळी आणि थेट बुडाशी. बिगोनिया बिनतक्रार. पीस लिलीची पानं भिंतीकडेही झकास आहेत पण फूल म्हणाल तर इतक्या महिन्यांत दोनच (पांढरं जे दिसतं ते खरं तर पान असतं, फुलं मधल्या दांड्यावर बारीक बारीक असतात), कुंडी चार फूट उजेडाकडे सरकवली तर लगेच तिसरी कळी. कोलियस मी गोगलगायींसाठीच लावला होता बहुतेक, रात्री टॉर्च घेऊन गेले तर एका पानावर तीन.

टॉरेनियाला मात्र पूर्ण मार्क. जांभळं फूल, घशात पिवळा ठिपका, आणि बी आपोआप पडून फरशीच्या फटीतसुद्धा उगवलंय.

बुंध्याभोवती आता गवताचा नाद सोडलाय. तिथे वाळलेला पाला पसरलाय, मधे दोन फर्न आणि बसायला एक जुनी खुर्ची. भिंतीकडचं शेवाळ खरवडून काढणार होते, पण तिथे तसंही कोणी फिरकत नाही, राहू दे म्हटलं.